तपासले : सी. बी.

सोमवार, ४ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, डोकं कधी दुखतं ते रोज लिहून ठेवा. आज दुखलं. का दुखलं हे कळायला डॉक्टर नको. चौकटीमुळे दुखलं.

चौकट म्हणजे नकाशाच्या प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात बसणारा छोटा ठोकळा. त्यात 'तपासले', पुढे तारीख, पुढे तपासणाऱ्याची आद्याक्षरं. माझी सी. बी., कॉन्चेता बेझिना. संगणकात ही चौकट एकदा काढून ठेवलेली असते. ब्लॉक म्हणतात त्याला. तो बोलवायचा, कोपऱ्यात ठेवायचा, तारीख भरायची, अक्षरं भरायची, शीट बंद करायचं, पुढचं उघडायचं. उत्तरेकडच्या रस्त्याच्या कामाची दोनशेच्या वर शीटं आहेत. आज रॉसने, म्हणजे आमच्या साहेबाने, जाहीर केलं की ब्रिस्बेनच्या मुख्य ऑफिसला चौकटीचा आकार बदलून हवाय. तपासून झालेल्यांवरसुद्धा नवी लावा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत.

आमच्या ऑफिसात रीत अशी आहे: शीट कागदावर छापून काढायचं, बरोबर असलेल्या प्रत्येक रेघेवरून पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक असेल तिथे लाल. सगळं शीट पिवळं झालं की मगच चौकट, आणि ती ज्याची त्याने लावायची. दुसऱ्याची अक्षरं कुणी लावत नाही. दुसऱ्याच्या ब्रशने दात घासण्यासारखं आहे ते.

मेरिन माझ्या टेबलावर येऊन बसली. मेरिन हॉल्डेन, नकाशे विभागाची प्रमुख. माझ्यानंतर लागली, माझ्यापुढे गेली. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं थोडं, पण ती माझी मैत्रीण आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत रोज संध्याकाळी सूप घेऊन येणारी तीच होती. हे मी विसरणार नाही.

"तोंड कशाला एवढं वाकडं?" ती म्हणाली. "तुला ते कंसांचे प्रोग्रॅम लिहिता येतात ना? कर की काहीतरी. संगणक कशाला ठेवलाय, धूळ खायला?"

शुक्रवार, ८ ऑगस्ट

चार दिवस कंस मोजतेय. एक कंस मिटायचा राहिला की सगळा प्रोग्रॅम रुसून बसतो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी यंत्राची मनधरणी करतेय.

आज पहिल्यांदा चालवून पाहिला. प्रोग्रॅमने एकेक शीट उघडलं, चौकट ठेवली, बंद केलं. मी खूश. मग शीटं बघितली. काही शीटं मीटरमध्ये काढलेली आहेत आणि काही मिलिमीटरमध्ये, हे मी त्या गाढवाला सांगायला विसरले होते. अर्ध्या शीटांवर चौकट रस्त्याएवढी. सबंध चौकावर आडवं 'तपासले : सी. बी.'

रॉस मागून बघत होता. म्हणाला, "कॉनी, तपासलंस ते कळलं गं. एवढं ओरडून सांगायला नको."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. मेरिन सगळ्यांत जास्त.

दुसरी अडचण: काही शीटांवर कोपऱ्यात जमिनीच्या उताराच्या रेघा येतात आणि त्यांतून अक्षरं नीट वाचता येत नाहीत. म्हणून चौकटीच्या मागे पांढरा पडदा जोडला. आता पाठीमागचं काही दिसत नाही, अक्षरं मात्र कशी स्वच्छ. हे मला फार आवडलं.

बाहेर तोडणीआधी ऊस पेटवलाय. वाळत घातलेल्या चादरींवर राख. परत धुवाव्या लागणार.

मंगळवार, १२ ऑगस्ट

झालं! किटलीतलं पाणी उकळेपर्यंत तपासून झालेल्या सगळ्या शीटांवर नवी चौकट, योग्य आकाराची, योग्य कोपऱ्यात. मी एकेक उघडून बघितली. पहिली वीसेक तरी बघितली. मग बघायचं सोडलं, कारण सगळ्या सारख्याच होत्या.

मेरिनने मला मिठी मारली. "कॉनी, तू सोनं आहेस सोनं!" मग खुर्ची ओढून शेजारी बसली. "आता एक सांग. दर वेळी तारीख आणि अक्षरं विचारतो, ते कशाला? एकदा विचारू दे, मग लक्षात ठेवू दे."

"तारीख ठीक आहे," मी म्हणाले. "अक्षरं ज्याची त्यानं घालावीत."

"अगं, पण तपासतेस तूच ना सगळं? मग रोज रोज स्वतःचंच नाव काय घालायचं? विसरशील का तू तुझं नाव?"

खरं होतं ते. मी सी. बी. कायमचं करून टाकलं. प्रोग्रॅम सुरू करायच्या बटणावर चिमटीभर चित्रही काढलं, छोटी पिवळी पेन्सिल.

थोडं खटकलं. का ते सांगता येणार नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मेरिनने आज ब्रिस्बेनच्या लोकांना पडद्यावरून प्रोग्रॅम दाखवला. मला बोलावलं नव्हतं. मी चहा घ्यायला गेले तेव्हा काचेतून दिसलं, सगळे टाळ्या वाजवत होते.

दुपारी सगळ्यांच्या संगणकावर ते बटण आलं. पेन्सिलीचं चित्र गेलंय, नाव दिलंय 'मेरिन'.

मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, मुख्य ऑफिसच्या पोरांनीच ठेवलं ते. मी दाखवला म्हणून. मी म्हटलं त्यांना, कॉनीचा आहे, पण तुला माहीत आहेत ना ते. तुझ्या आडनावाचा उच्चार कुणाला येतो तिकडे?"

खरं असेल. माझ्या आडनावाची ब्रिस्बेनमध्ये नेहमीच वाट लागते. शिवाय तिकडे सगळ्या नकाशे विभागांवर एक प्रमुख नेमायचाय आणि मेरिनचं नाव घेतलं जातंय, तेव्हा तिचं जरा नाव झालं तर माझं काय जातंय? ती वर गेली तर मलाही बरंच. असं मी स्वतःला तीनदा सांगितलं.

डोकं दुपारपासून.

रविवार, २४ ऑगस्ट

सकाळी मेरिनबरोबर बंदराच्या धक्क्यावरून चालायला. वारा छान होता. तिला सांगितलं, जोसीच्या हृदयाची झडप बदलायचीय, ब्रिस्बेनला, मला जायला हवं. जोसी माझी धाकटी बहीण, तिला माझ्याशिवाय कुणी नाही.

"मग जा ना!"

"उत्तरेच्या रस्त्याची निम्मी शीटं राहिलीत. पाण्याच्या पाइपांची तर सगळीच."

"मुदत मी बघते. पालिकेशी बोलते, पुढे ढकलते. तू जा, बहिणीजवळ बस. इकडचा विचार करशील तर बघ."

मला रडूच आलं. अशी मैत्रीण असावी.

गुरुवार, २८ ऑगस्ट

उद्या निघते. पिवळी झालेली शीटं एका फोल्डरमध्ये, न तपासलेली दुसऱ्यात, आणि दुसऱ्याला नाव दिलंय 'बाकी, हात लावू नये'. मेरिनला दाखवून ठेवलं. तिने मान हलवली, आणि आपल्या वहीत तारीख टिपून घेतली, मी कधी परत येणार त्याची.

रॉस दारात भेटला. "तू जायच्या आधी सगळं उरकतेयस म्हणे. मेरिन सांगत होती. शाबास!"

मी म्हणाले, उरकत कुठलं, निम्मंच झालंय. पण तो फोनवर बोलायला लागला होता.

मंगळवार, २ सप्टेंबर, ब्रिस्बेन

जोसीचं ऑपरेशन नीट झालं. तिने शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "तू जेवलीस का?" अगदी आईवर गेलीय.

मेरिनचा निरोप रोज येतो. आज लिहिलंय, "इकडची काळजी करू नकोस, सगळं मार्गी लागलंय." मार्गी लागलंय म्हणजे मुदत वाढली असणार.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज ऑफिसात. टेबलावर फुलं होती, मेरिनने ठेवलेली.

शीटं गेली आहेत. सगळी. मी ब्रिस्बेनला असतानाच पालिकेकडे आणि तिकडून कंत्राटदाराकडे. 'बाकी' फोल्डर रिकामं. प्रत्येक शीटवर उजव्या कोपऱ्यात 'तपासले : सी. बी.', आणि तारीख त्या दिवसाची, ज्या दिवशी मी जोसीच्या पलंगाशी बसून तिला जेली भरवत होते.

मी मेरिनला बाजूला घेतलं.

"अगं, पालिका ऐकेना. मग मीच बघितली बाकीची, दोन दिवस बसून. सगळी ठीक होती."

"मग तुझी अक्षरं का नाही घातलीस?"

"निम्म्यांवर सी. बी. आणि निम्म्यांवर एम. एच. दिसलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं मधेच माणूस का बदलला. उगाच फाटे फुटले असते. आणि प्रोग्रॅम तुझंच नाव घालतो की! तूच तसा केलास." ती हसली. "कॉनी, चिडलीस होय?"

मी म्हणाले, चिडले नाही. फुलं पाण्यात घातली.

बुधवार, १७ सप्टेंबर

चिडलेय मी. दोन दिवस स्वतःला विचारतेय, का चिडलेय. तिने तपासली म्हणते, तर तपासलीच असतील. तिच्याइतकी हुशार बाई आमच्याकडे नाही. माझ्यापेक्षा तिची नजर तेज आहे, हे मी नेहमी म्हणते.

दुपारी राहिलेल्यांपैकी काही शीटांचे कागद काढले, म्हटलं निदान पाण्याच्या पाइपांची तरी पिवळी करून बघावीत. मेरिन आली आणि हसत हसत गठ्ठाच उचलला. "झालं ते झालं गं. तिकडे शाळेच्या पार्किंगचं काम पडलंय, ते घे."

शाळेचं पार्किंग घेतलं. तिला वाटायला नको की माझा तिच्यावर विश्वास नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

राख, राख, राख. कारखान्याचा भोंगा. उसाची आगगाडी फाटकावर अर्धा तास. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

मेरिनची ब्रिस्बेनची जागा जवळजवळ नक्की. तिला निरोप द्यायला केक कुठला आणावा?

मंगळवार, २१ ऑक्टोबर

उत्तरेच्या रस्त्यावर खणताना पाण्याची मोठी लाइन फुटली. खणणाऱ्या यंत्राची बादली लागली आणि पाणी असं उसळलं की चराची बाजू ढासळली. आत पाइप बसवणारा एक माणूस होता. मांडीपर्यंत दबला. बाहेर काढलाय, पाय वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. लायल टाना नाव आहे त्याचं.

मला वाटलं, कुणाच्या शीटवर असेल बिचाऱ्याचं दुर्दैव.

बुधवार, २२ ऑक्टोबर

माझ्या.

पाण्याच्या पाइपांचं शीट. ती जुनी लाइन पालिकेच्या दप्तरात बंद म्हणून होती. सर्व्हेवाल्याने खड्डा खणून बघितली तर चालू निघाली, म्हणून आपल्या शीटवर तुटक रेघेत दाखवली आणि शेजारी टीप: 'चालू लाइन. फक्त हाताने खणा.' हे शीट इतर शीटांसारखं नाही. जागा पुरेना म्हणून कुणीतरी रेखाटन कोपऱ्यापर्यंत ताणलंय. कोपरा रिकामा ठेवायचा हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण या वेळी नवी माणसं होती.

म्हणजे टीप आणि लाइनीचं ते वळण अगदी उजव्या कोपऱ्यात. आणि त्यावर चौकट. आणि चौकटीमागे माझा पांढरा पडदा.

हाताने चौकट लावली असती तर दिसलं असतं. कुणालाही दिसलं असतं. चौकट ठेवायला कोपऱ्यात जावंच लागायचं, आणि कोपऱ्यात गेलं की माणूस बघतोच. आम्ही ज्याला कंटाळवाणं काम म्हणत होतो ते बघणंच होतं. मी ते काढून टाकलं.

मेरिनने हे शीट बघितलं होतं? ती म्हणते बघितलं. कागदावर पिवळं केलं असतं तर ती टीप पिवळी करावी लागली असती, आणि मग... नाही. कदाचित घाईत सुटली असेल. माणूस आहे.

ती आज माझ्याशी बोलली नाही. तिलाही धक्का बसला असणार.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मुख्य ऑफिसातून चौकशीला वॉरन प्रिडो नावाचे गृहस्थ आलेत. सभ्य आहेत, हळू बोलतात, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकतात. असल्या माणसांची मला भीती वाटते.

आज सकाळी संगणक उघडला आणि ते बटण दिसलं. नाव बदललंय. 'मेरिन' गेलं. आता 'बेझिना'. स्पेलिंगसुद्धा बरोबर.

टाळ्या वाजल्या तेव्हा तिचं, आणि पाणी उसळलं तेव्हा माझं.

तिने नसेल बदललं, मुख्य ऑफिसच्या पोरांनी बदललं असेल, असं लिहायला हात उचलला होता. पण नाही लिहिणार ते. किती दिवस तिच्या वतीने मीच सबबी शोधतेय!

दुपारी पाणी प्यायला गेले तर रॉस आणि मेरिन बोलत होते, दार अर्धं उघडं. मेरिनचा आवाज: "कॉनी हल्ली थकलीय. मी तिला सांभाळून घेत आलेय, रॉस. किती दिवस घेणार?"

सांभाळून घेत आलेय. मला. हिने!

गुरुवार, ३० ऑक्टोबर

संध्याकाळी मेरिन घरी आली. हातात डबा, दुधी-चीजची वडी, माझ्या आवडीची. दारातच रडायला लागली. मी तिला आत घेतलं. काय करणार, सवय.

"उद्या प्रिडो तुला विचारणार," ती म्हणाली. "कॉनी, तू एवढंच सांग, की जायच्या आधी तू सगळी शीटं एकदा नजरेखालून घातली होतीस. नुसती नजरेखालून. तपासली असं म्हणू नकोस."

"पण मी नाही घातली."

"तुझी निवृत्ती जवळ आलीय. तुला काय करणार आहेत ते? दोन शब्द ऐकवतील आणि केक कापतील. माझं काय होईल? ब्रिस्बेन जाईल, इथलंही जाईल. पोरं अजून शिकतायत माझी." तिने माझा हात धरला. "तुझ्या घरात मी किती वेळा बसलेय गं. त्याच्या उशाशीसुद्धा."

हे तिने बोलायला नको होतं. सूप असं परत मागायचं नसतं.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. डबा लगेच धुऊन देऊ का, विचारलं. ती म्हणाली, राहू दे.

आता ही वडी समोर आहे आणि मला वाटतंय, सांगावं. खरंच सांगावं. माझं काय जाणार आहे? दोन अक्षरं. पण त्या दोन अक्षरांशिवाय माझ्याकडे तरी काय आहे? इतकी वर्षं या गावातले रस्ते, गटारं, शाळांची कुंपणं, सगळीकडे कोपऱ्यात तीच दोन अक्षरं आहेत, आणि ज्या शीटवर ती आहेत तिथली प्रत्येक रेघ मी वाचलीय. कुणी विचारलं नाही तरी मला ठाऊक होतं.

डोकं फुटतंय.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मी सकाळी ठरवून गेले होते की तिचं ऐकायचं. हे इथे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

खोलीत प्रिडो, रॉस आणि मेरिन. प्रिडोंनी कागद पुढे ओढला. "मिसेस बेझिना, तुम्ही सुट्टीवर जाण्याआधी सगळी शीटं बघितली होती असं आम्हाला कळलंय. तसंच ना?"

"कुणी सांगितलं?"

"हॉल्डेनबाईंनी. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी. तशी सही केलीय त्यांनी."

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे काल ती माझ्याकडे विचारायला आली नव्हती. सगळं आधीच करून मोकळी झाली होती. काल फक्त माझं तोंड बांधायला आली होती, वडी आणि अश्रू घेऊन. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला फसवलं. हा शब्द लिहायला इतके दिवस लागले. फसवलं, फसवलं, फसवलं.

मी सगळं सांगितलं. 'बाकी' फोल्डर, तिने उचलून नेलेला गठ्ठा, बटणाचं नाव, कालचं रडणं. आवाज चढला होता माझा. रॉस खिडकीबाहेर बघत होता. मेरिन चष्मा पुसत होती.

प्रिडोंनी मला थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही परत आलात पंधरा सप्टेंबरला. न वाचलेल्या शीटांवर तुमची अक्षरं बघितलीत."

"हो."

"काम तेव्हा सुरू झालं नव्हतं. लाइन फुटायला महिन्याहून जास्त वेळ होता. तुम्ही काय केलंत?"

"मेरिनला विचारलं."

"आणि?"

"ती म्हणाली, मी बघितलीत."

"आणि मग?"

मी मेरिनकडे बघितलं. तिने चष्मा घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मग काही नाही," मी म्हणाले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दोघींना लेखी समज. मेरिनची ब्रिस्बेनची जागा 'तूर्त थांबवली'. माझ्याकडून तपासणी काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी रॉसला तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, "कॉनी, फाशी कुणालाच नाही दिलेली."

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी सगळ्या देशात काम बंद ठेवून घोड्यांची शर्यत बघायची असते, म्हणजे आज. टोप्या घालून सगळे पडद्यासमोर. मेरिन लाल टोपीत. मी माझ्या टेबलावर बसले. कुणी बोलवायलाही आलं नाही. एवढी वर्षं तिचीच बाजू घेत आले, माझी घ्यायला एक माणूस नाही.

एकच गोष्ट डोक्यात आहे. त्या लायल टानाला तरी खरं कळलं पाहिजे. त्याला वाटत असेल, सी. बी.ने माझा पाय नेला. त्याला सांगायला हवं, की ती मी नव्हते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गेले. कारखान्यापलीकडे, खांबांवर उभं घर, खाली बोट आणि आंब्याची पडलेली फळं. त्याची बायको नोरा दारात आली. माझं नाव सांगितलं तर तिचा चेहरा आवळला, पण म्हणाली, "या, वर या. वाटेत जाळं आहे, बघून पाय टाका."

लायल गच्चीत आरामखुर्चीवर. पाय वाचलाय, पण लोखंडी सळ्यांत. पन्नाशीचा, दांडगा, केस पिकलेले.

मी बसायच्या आधीच सुरू केलं. सगळं. मैत्रीण, प्रोग्रॅम, जोसीचं ऑपरेशन, माझं नाव परस्पर कसं लावलं, सही कशी केली, वडी कशी आणली. मधे एकदा रडलेसुद्धा. "मला फसवलं हो तिने," मी म्हणाले. "तुम्हाला हे कळायला हवं होतं. ते शीट मी बघितलंच नव्हतं. मी असते तर हे झालंच नसतं."

नोराने चहा आणून ठेवला.

"त्या मेरिनबाईंना मी ओळखत नाही," शेवटी तो म्हणाला. "तुम्हालासुद्धा आजच बघतोय. पण सी. बी.ला ओळखतो. चराच्या कामात पोरसवदा लागलो तेव्हापासून ओळखतो. आमच्या टोळीत बोलतात, दुसरी कुठली अक्षरं असली तर आधी काठीने टोचून बघ. सी. बी. असलं तर खुशाल उतर."

मला हे ठाऊक नव्हतं. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी मुकादम म्हणाला, थांब, हे पाणी इथं कुठनं झिरपतंय, जरा हातानं खणून बघू या." त्याने पायाकडे बघितलं. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "मीच त्याला शीट दाखवलं. म्हटलं, कशाला वेळ घालवतोस, कोपऱ्यात बघ की."

नोरा उठून आत गेली. खालच्या रुळांवरून उसाची गाडी गेली. मेरिनविषयी मला अजून खूप सांगायचं होतं.

"सी. बी. म्हणजे मीच," मी म्हणाले.

"हो ना," लायल म्हणाला. "म्हणून तर उतरलो."